एव्हर्टनचें स्थलांतर

१८९२ सालीं लिव्हरपूल शहरांतील एव्हर्टन फुटबॉल क्लबाच्या सभासदांपुढें प्रश्न होता तो भाड्याचा. ॲनफील्डचें मैदान ज्यांच्या हातीं होतें, त्या जॉन हौल्डिंग नांवाच्या मद्याच्या कारखानदारांनीं वार्षिक भाडें १०० पौंडांवरून २५० पौंडांवर नेलें होतें. बहुसंख्य सभासद उठले, स्टॅन्ले पार्क ओलांडून पलीकडे गेले आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्यांनीं गुडिसन पार्क उभें केलें. रिकाम्या पडलेल्या मैदानासाठीं हौल्डिंग यांनीं नवा संघ काढला. तोच पुढें जगप्रसिद्ध झालेला लिव्हरपूल क्लब. भाऊबंदकींतून एका घराण्याचीं दोन व्हावींत, तसाच हा प्रकार.

पुढल्या स्थलांतराचा वाद इतक्या लवकर मिटणारा नव्हता. शंभर वर्षांत गुडिसनभोंवतीं घरांच्या ओळी दाटल्या. एका कोपऱ्याला तर सेंट ल्यूकचें चर्च अगदीं खेटून उभें. कांहीं प्रेक्षकांना खांबांआडूनच खेळ पाहावा लागे. २००६ सालीं चालकांनीं टेस्को या व्यापारी कंपनीशीं बोलणें लाविलें. शहराच्या हद्दीबाहेर कर्कबी येथें सुमारें ५०,००० प्रेक्षकांचें क्रीडागृह आणि शेजारीं प्रचंड बाजार, अशी ती योजना होती.

शहरच सोडलें तर संघांत आपलें असें राहिलें काय, असा विरोधकांचा सवाल होता. गुडिसनच्या कडेला कित्येक दिवंगत अभिमान्यांची रक्षा पुरलेली. तिला सोडून कसें जावयाचें? अनुकूल पक्ष व्यवहाराचें बोले: उत्पन्न वाढल्यावांचून मोठे खेळाडू येत नाहींत. शिवाय कर्कबी परकें कसें? दुसऱ्या महायुद्धानंतर लिव्हरपूलच्या कोंदट वस्त्यांतून हजारों कुटुंबें नेऊन वसविलीं, तीं तेथेंच. आजोबांना शहराबाहेर पाठविलें आणि आतां नातवांच्या गांवाला परगांव म्हणावयाचें? हा मुद्दा बिनतोड होता.

ऑगस्ट २००७ मध्यें मतें घेतलीं: १५,२३० अनुकूल, १०,४६८ प्रतिकूल. पण निकाल लागला तो निराळ्याच कारणानें. नोव्हेंबर २००९ मध्यें ब्रिटिश सरकारनें परवानगी नाकारली, ती मुख्यतः एवढ्या मोठ्या बाजारापुढें आसपासच्या गांवांचीं दुकानें बसतील म्हणून. रक्षा, हद्द, आजोबा यांचें वजन त्या तराजूंत फारसें पडलें नाहीं!

शेवटीं जागा मिळाली ती शहरांतच, मर्सी नदीकांठीं, १८४८ सालच्या ब्रॅम्ली-मूर गोदींत. तिचीहि किंमत पडली. २०२१ सालीं युनेस्कोनें लिव्हरपूलचें जागतिक वारशाचें पद काढून घेतलें, त्याच्या कारणांत या बांधकामाचा उल्लेख होताच. १८ मे २०२५ रोजीं पुरुषांचा संघ गुडिसनवर शेवटचा सामना खेळला आणि त्यानें साउदॅम्प्टनला २-० असें हरविलें. मैदान मात्र पाडलें नाहीं. तेथें आतां एव्हर्टनचा स्त्रियांचा संघ खेळतो.