मायक्रोफोन कुणाच्या हातात?

फॉर्म्युला वन बघणाऱ्या मंडळींची एक तक्रार हमखास असते: कॉमेंटेटर पक्षपाती आहेत! ब्रिटिश कॉमेंटेटरना ब्रिटिश ड्रायव्हरच दिसतात, बाकीचे फक्त आडवे येण्यापुरते. आमच्याकडे माझा आणि धाकट्या भावाचा यावरून दर मोसमात एकदा तरी वाद होतोच. (घरातल्या इतरांच्या लेखी या सगळ्या 'गोल गोल फिरणाऱ्या गाड्या'!) पण पक्षपात म्हणजे नक्की काय, असा विचार करू लागलो की मला दोन माणसं आठवतात. मरे वॉकर आणि जेम्स हंट.

वॉकर हा बीबीसीचा आवाज. आरडाओरडा, उत्साह, आणि अधूनमधून धमाल चुका. हंट म्हणजे 1976 चा विश्वविजेता. 1980 पासून तो वॉकरच्या शेजारी बसू लागला. दोघांत मिळून मायक्रोफोन एकच. एकाचं बोलून झालं की दुसऱ्याने तो घ्यायचा. वॉकर उभा राहून बोलायचा, हंट बसून. ही जोडी 1993 पर्यंत चालली आणि लोकांनी तिच्यावर मनापासून प्रेम केलं.

आता वॉकरचा पक्षपात बघा. 13 ऑक्टोबर 1996, जपानमधली सुझुका शर्यत. डेमन हिल विश्वविजेता झाला. त्याचे वडील ग्रॅहम हिल 1962 आणि 1968 चे विजेते, 1975 मध्ये विमान अपघातात गेले. वॉकरने ते दिवसही पाहिले होते. डेमनने शर्यत जिंकली तेव्हा म्हाताऱ्याचा गळा दाटून आला, आणि आता मला थांबायलाच हवं असं सांगून तो चक्क गप्प झाला. याला तटस्थ कोण म्हणेल? पण त्यात लपवाछपवी नव्हती. ऐकणाऱ्याला सरळ कळत होतं की हा माणूस आनंदाने रडतोय. हवं तर आपण त्याच्या आनंदात सामील व्हावं, नको तर नाही.

हंटचं प्रकरण वेगळं आहे. त्यासाठी 10 सप्टेंबर 1978 च्या मोंझाला जावं लागेल. मागच्या रांगांमधल्या गाड्या पुरत्या थांबण्याआधीच शर्यत सोडण्यात आली. त्या मागून वेगात आल्या, पुढे रस्ता अरुंद होत गेला, आणि सगळा गोंधळ झाला. रॉनी पीटरसनची लोटस आदळून पेटली. त्याला आगीतून ओढून काढणाऱ्यांत स्वतः हंट होता, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटरसन गेला.

दोष कुणाचा? हंटचं ठाम मत, रिकार्डो पात्रेसेचा. त्याने आपल्याला ढकललं, म्हणून आपण पीटरसनवर गेलो. पात्रेसेचं म्हणणं, मी तेव्हा हंटच्या पुढे निघून गेलो होतो. ज्येष्ठ ड्रायव्हरांनी आग्रह धरून 24 वर्षांच्या या पोराला पुढच्या शर्यतीतून बाहेर ठेवलं. आग्रह धरणाऱ्यांत हंटही होता. पुढे इटलीत खटला चालला आणि 1981 मध्ये पात्रेसे निर्दोष सुटला.

कोर्टात सुटला, पण बीबीसीवर नाही! हंट पुढे कित्येक वर्षं, पात्रेसेची गाडी पडद्यावर आली की त्याला टोमणे मारत राहिला. मला खटकतं ते इथे. ज्या अपघातात तो स्वतः सापडला, त्याच अपघाताचा तो न्यायाधीश झाला. आणि ऐकणाऱ्याला वाटे, माजी विश्वविजेता बोलतोय म्हणजे त्याला माहीत असणारच! त्याच्या बोलण्यातलं ज्ञान कुठे संपतं आणि जुनी जखम कुठे सुरू होते, हे घरी सोफ्यावर बसलेल्याला कसं कळावं? पात्रेसेच्या हातात तर मायक्रोफोन नव्हताच.

अर्थात सगळा दोष बोलणाऱ्यांवर टाकणंही बरोबर नाही. थोडा पक्षपात आपल्या कानांतही असतो. 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डनमध्ये आला, तेव्हा मी अख्खी शर्यत ती पिवळी गाडी शोधत बसायचो. ती दिसायची नाही, कारण कॅमेरा बहुतेक वेळ पुढच्यांवर असायचा. मला मात्र वाटायचं, मुद्दाम दाखवत नाहीत. त्याच वर्षी इंडियानापोलिसला तो चौथा आला. पहिल्यांदाच एका भारतीयाला फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळाले! टायरच्या भानगडीमुळे त्या दिवशी सहाच गाड्या धावल्या होत्या, हे वाक्य आपण जरा हळू आवाजात म्हणतो, एवढंच. आता आपण सगळे वॉकरच की!

म्हणून कुणाच्या बाजूने ओरडणाऱ्या कॉमेंटेटरचा मला राग येत नाही. भीती वाटते ती शांत, जाणकार आवाजात जुना हिशोब चुकता करणाऱ्याची.

हंट जून 1993 मध्ये, अवघ्या 45 व्या वर्षी गेला. त्याच मोसमाअखेर पात्रेसेही थांबला. 256 शर्यती, तेव्हाचा विक्रम. त्या वर्षांत इंग्लंडमध्ये वाढलेल्या कुणाला पात्रेसेविषयी विचारलं तर हा विक्रम आधी आठवेल की हंटचे टोमणे?

असो. तुमच्या मनात एखाद्या खेळाडूविषयी अढी असेल, तर ती तुम्ही स्वतः पाहून बसली की कुणाचं ऐकून, एकदा आठवून बघा.