नाताळच्या प्रातःकाळचा चषक

ज्युबिलीचें मूळ जुन्या करारांत आहे. दर पन्नासाव्या वर्षीं दास मुक्त व्हावे व परहस्तगत झालेली जमीन मूळ कुळाकडे परत यावी, असा नियम लेवीय ग्रंथांत घालून दिला आहे. तुटलेलें पुन्हा सांधणें, हाच ज्युबिलीचा भावार्थ होय. तो आचरणांत आणणें किती कठीण आहे, हें दाखविण्यासाठीं उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट नगरच्या एका चषकाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्टील अँड सन्स चषकाची स्पर्धा १८९५ सालीं सुरू झाली. ती काउंटी अँट्रिम फुटबॉल असोसिएशनच्या देखरेखीखालीं चालते. वरिष्ठ श्रेणीचे मुख्य संघ तींत नसतात. खालच्या श्रेणींतील क्लब व बड्या क्लबांचे दुय्यम संघ तींत उतरतात. अंतिम सामना परंपरेनें नाताळच्या दिवशीं सकाळीं खेळला जातो.

परंतु ह्या नगरांत कॅथलिक व प्रॉटेस्टंट ह्यांच्यांत जुनें वैर होतें, आणि तें मैदानावरहि उतरे. वरिष्ठ श्रेणींतील एक प्रसंग सांगतों. ता. २७ डिसेंबर १९४८ रोजीं, म्हणजे संत योहानाच्या सणाच्या दिवशीं, लिनफील्ड व बेलफास्ट सेल्टिक ह्यांचा सामना बरोबरींत सुटला. लागलीच प्रेक्षक मैदानांत घुसले आणि सेल्टिकचा खेळाडू जिमी जोन्स ह्याचा पाय त्यांनीं मोडला. सेल्टिक हा कॅथलिकांचा लाडका क्लब; जोन्स मात्र स्वतः प्रॉटेस्टंट होता! त्या हंगामाच्या अखेरीस १९४९ सालीं सेल्टिकनें लीग सोडली.

पुढें १९९८ च्या एप्रिलांत, पवित्र शुक्रवारीं, त्या प्रांतांत शांततेचा करार झाला. त्याच वर्षीं स्टील अँड सन्स चषकाच्या उपांत्य फेरींत पश्चिम बेलफास्टच्या कॅथलिक वस्तींतील डोनेगॉल सेल्टिक आणि रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी ह्या पोलिस दलाचा संघ समोरासमोर आले. त्या वस्तीचा पोलिसांवर विश्वास नव्हता. पोलिसांच्या कुटुंबांनींहि आपलीं माणसें गमावलीं होतीं. क्लबनें आधीं खेळावयाचें ठरविलें. परंतु सिन फेन पक्षानें उघड विरोध केला, आणि अखेर क्लबनें माघार घेतली. सामना झालाच नाहीं.

त्या खेळाडूंस भ्याड म्हणणें आम्हांस उचित वाटत नाहीं. ज्यांना त्याच गल्लींत, त्याच शेजाऱ्यांमध्यें राहावयाचें होतें, त्यांच्यावर तें ओझें पडलें होतें. करारावर पुढाऱ्यांनीं सह्या केल्या. त्याची किंमत मात्र अकरा साध्या खेळाडूंनीं मोजावी, अशी वेळ आली.

तथापि काळ थांबला नाहीं. नोव्हेंबर २००१ मध्यें त्या पोलिस दलाच्या जागीं नवें दल आलें. त्याच महिन्यांत गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशननें पोलिसांना सभासद न करण्याचा आपला जुना नियम रद्द केला.

आमच्या धर्मग्रामांतहि वाडीवाडींत अबोला असतो. एकाच वेदीपाशीं येऊन परस्परांकडे न पाहणारीं घरें असतात. ह्या ज्युबिली वर्षांत त्यांपैकीं एका घराचा तरी उंबरठा प्रत्येकानें ओलांडावा, एवढीच आमची विनंति आहे.