फूजी (शहर)

फूजी : जपानमधील कागद उद्योगाचे एक प्रमुख केंद्र. लोकसंख्या सुमारे २.४५ लाख (२०२०). होन्शू बेटावरील शिझुओका प्रांतात, फूजी पर्वताच्या दक्षिण उतारापासून सुरुगा उपसागरापर्यंत ते पसरले आहे. १९६६ मध्ये योशिवारा, फूजी व ताकाओका एकत्र करून हे शहर स्थापन झाले; २००८ मध्ये फूजिकावा गाव त्यात समाविष्ट झाले.

योशिवारा हा एडो (टोकियो) ते क्योतो या तोकाइदो महामार्गावरील चौदावा मुक्काम. सतराव्या शतकात समुद्राच्या तडाख्यांमुळे तो दोनदा आतल्या बाजूस हलवावा लागला. त्यामुळे रस्त्याला मोठे वळण पडून, एडोहून येणाऱ्याला एरवी उजव्या हाताला दिसणारा फूजी येथे डावीकडे दिसू लागला. चित्रकार हिरोशिगेच्या चित्रामुळे हे दृश्य प्रसिद्ध झाले.

परिसरात मित्सुमाता या झुडपाच्या सालीपासून हातकागद बनवण्याची परंपरा होती. यंत्रयुगात साल मागे पडली, पण पाणी कामी आले. पर्वतावरचे पाऊस-बर्फाचे पाणी लाव्हाच्या सच्छिद्र थरांतून झिरपून पायथ्याशी स्वच्छ झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि कागदाच्या लगद्याला असे पाणी मुबलक लागते. १८८९ मध्ये तोकाइदो रेल्वे आली. पुढच्याच वर्षी ‘फूजी सेइशी’ कंपनीचा कारखाना इरियामासे येथे सुरू झाला. रद्दीपासून बनणाऱ्या टॉयलेट पेपरसाठी आज हे शहर विशेष ओळखले जाते.

याच पाण्याची उद्योगाने हेळसांडही केली. भूजलाच्या बेसुमार उपशामुळे किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी शिरले. कारखान्यांचे सांडपाणी नद्यांवाटे तागोनोउरा या खोदीव बंदरात येई. त्यातले तंतू तळाशी साचून कुजत व गाळामुळे जहाजांची वाटही अडे. १९७० च्या सुमारास हा ‘हेदोरो’ (गाळ) देशभर गाजला. ‘गॉडझिला’ मालिकेतील १९७१ च्या चित्रपटात गॉडझिलाचा प्रतिस्पर्धी राक्षस प्रदूषणातूनच जन्मलेला आहे व त्याचे नावही या शब्दावरूनच घेतलेले आहे. पुढे गाळ उपसण्यात आला आणि सांडपाण्यावर निर्बंध आले.

कागदाखेरीज मोटारींचे गिअरबॉक्स व रसायने यांचे कारखाने येथे आहेत. उतारांवर चहाचे मळे असून, तागोनोउरा येथे ‘शिरासू’ या बारीक मासळीची मासेमारी चालते. कारखान्यांच्या नळजाळ्यांतून जाणाऱ्या गाकुनान रेल्वेवरील कागदाची मालवाहतूक २०१२ मध्ये बंद झाली. आता तीवर फक्त प्रवासी गाड्या धावतात.