किशोरवयीन मुलामुलींचा आहार आणि योग्य वजन

"पोरगी काहीच खात नाही जी, एखादं टॉनिक लिहून द्या." "याचं पोट बघा डॉक्टर, सांगून सांगून थकलो." चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात ही दोन्ही वाक्यं एकाच सकाळच्या ओपीडीत ऐकू येतात, आणि कधी कधी ती एकाच घरातल्या दोन भावंडांबद्दल असतात. हे अपवादाने घडत नाही. 2016 ते 2018 या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली 10 ते 19 वयोगटातली शंभरपैकी 24 मुलं वयाच्या मानाने बारीक आढळली, तर 5 जणांचं वजन जास्त होतं. त्याच सर्वेक्षणात 40 टक्के मुलींमध्ये आणि 18 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता. म्हणजे वजनाच्या काट्यावर ठीक दिसणारं मूलही आतून कमकुवत असू शकतं.

या वयात शरीरात काय चाललेलं असतं

मुलींची उंची साधारण 10-11 व्या वर्षी झपाट्याने वाढायला लागते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. या वाढीच्या सर्वांत वेगवान वर्षात मुलगी सुमारे 8 सेंटिमीटर आणि मुलगा 9-10 सेंटिमीटर वाढतो. ही वाढ सुरू होण्याआधी काही मुलं थोडी गुबगुबीत दिसतात, मग उंची वाढली की अंग आपोआप ताणलं जातं. मुलींच्या कंबरेवर आणि मांड्यांवर चरबी वाढणं हा वयात येण्याचाच भाग आहे. तो आजार नाही आणि त्यासाठी जेवण कमी करायचं नसतं.

पाळी सुरू होते तेव्हा मुलीची सर्वांत वेगाने होणारी वाढ होऊन गेलेली असते. त्यानंतर साधारण 5 ते 7 सेंटिमीटर उंची वाढते. हे मुद्दाम सांगतो, कारण पोलीस भरतीसाठी मुलींना 155 आणि मुलांना 165 सेंटिमीटर उंची लागते आणि त्यापायी सतराव्या-अठराव्या वर्षी "उंची वाढवणारी" पावडर आणणारी घरं आपल्याकडे बरीच आहेत. हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या एकदा बंद झाल्या की कोणतीही पावडर, गोळी किंवा लटकण्याचा व्यायाम उंची वाढवू शकत नाही. उंचीची काळजी वाटत असेल तर दहाव्या-अकराव्या वर्षी दाखवा, तेव्हा काही करता येतं.

वजन बरोबर आहे की नाही, हे कसं ओळखायचं

शेजारच्या मुलाशी तुलना करून नाही, आणि मोठ्या माणसांच्या तक्त्यावरूनही नाही. बीएमआय काढायची रीत तीच असते: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. पण मोठ्यांमध्ये 18.5 च्या खाली गेलं की कमी वजन धरतात, तसं मुलांमध्ये चालत नाही. 14 वर्षांची, 150 सेंटिमीटर उंचीची, 40 किलो वजनाची मुलगी घ्या. तिचा बीएमआय 17.8 येतो. मोठ्यांच्या हिशोबाने ती बारीक ठरेल, पण तिच्या वयाला हा आकडा अगदी ठीक आहे.

त्यासाठी वय आणि लिंग लक्षात घेणारे वाढीचे तक्ते लागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 5 ते 18 वर्षांसाठीचे सुधारित तक्ते 2015 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा होता. या तक्त्यांवर बीएमआयच्या दोन खास रेषा आहेत: एक मोठेपणीच्या 23 शी जुळणारी आणि दुसरी 27 शी जुळणारी. पहिली ओलांडली तर वजन जास्त, दुसरी ओलांडली तर लठ्ठपणा. पाश्चात्त्य देशांत 25 आणि 30 हे आकडे वापरतात. आपल्याकडे ते खाली आणले, कारण भारतीय शरीरात चरबी पोटाभोवती लवकर साठते आणि मधुमेह कमी बीएमआयलाच गाठतो.

घरी करण्यासारखी एक सोपी तपासणी म्हणजे टेपने पोटाचा घेर मोजणे. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. 150 सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा घेर 75 च्या आत. एका मापावरून मात्र घाबरू नका. दर सहा महिन्यांनी उंची-वजन एका वहीत लिहून ठेवा. रेषा कुठल्या दिशेने चालली आहे, हे एका आकड्यापेक्षा जास्त सांगतं.

ताटात काय हवं

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 16 ते 18 वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे 3300 आणि मुलीला 2500 किलोकॅलरी लागतात. प्रथिनं मुलाला साधारण 55 ग्रॅम, मुलीला 46 ग्रॅम. हे आकडे बऱ्यापैकी हालचाल करणाऱ्या मुलांसाठी आहेत. गाडीवर ट्यूशनला जाऊन बसणाऱ्या आणि परत येऊन पुन्हा बसणाऱ्या मुलाला एवढी ऊर्जा लागत नाही, प्रथिनं मात्र तेवढीच लागतात.

वऱ्हाडातलं जुनं जेवण या दृष्टीने चांगलंच होतं. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, हिवाळ्यात सोले आणि हरभऱ्याची भाजी, सोबत जवसाची चटणी आणि ताक. वावरातली ज्वारी गेली, सोयाबीन आणि कपाशी आली, तशी ताटातली भाकरही कमी झाली. गंमत अशी की ज्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅममागे 36 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, ते पोत्यांनी बाजार समितीत जातं आणि पिकवणाऱ्या घरात पोरांच्या ताटात वरणाचं पाणी असतं. सोयाबीन कच्चं खायचं नाही, त्याने पचन बिघडतं. नीट उकडून, वाळवून, दहा किलो गव्हात किंवा ज्वारीत एक किलो या हिशोबाने दळून आणा. चवीत फारसा फरक पडत नाही.

प्रथिनांचा हिशोब डोक्यात ठेवायला सोपा आहे. एका अंड्यात 6 ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात 8, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत 7, आणि तेवढ्याच कच्च्या डाळीच्या वरणातही 6-7 ग्रॅम. ही डाळ एका मुलाच्या वाटणीला यायला हवी. चार जणांच्या वरणात एक मूठ डाळ घालून हे जमत नाही. दुधा-दह्यातून कॅल्शियमही मिळतं. हाडं भरायचं हेच वय आहे, आणि 13 ते 15 व्या वर्षी रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं.

सकाळचा चहा-टोस्ट म्हणजे नाश्ता नव्हे. सातची शाळा किंवा अमरावतीला जायची गाडी पकडायची असते, त्यामुळे वेळ नसतो हे खरं आहे. पण रात्रीच्या भाकरीचा कुस्करा आणि दही, शेंगदाणे घातलेले पोहे किंवा उकडपेंडी दहा मिनिटांत होते. उपाशी गेलेलं मूल अकरा वाजता स्टँडवरचा समोसा खाणारच.

मुलींमधला रक्तक्षय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या शंभरपैकी 59 मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. कमी असेल तर दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, केस गळतात, पाळीत फार थकवा येतो. "अंगात आळस आहे" म्हणून मुलीला रागावण्याआधी एकदा रक्त तपासा.

13 ते 15 वर्षांच्या मुलीला रोज सुमारे 30 मिलिग्रॅम लोह लागतं, आणि शाकाहारी जेवणातलं लोह शरीरात थोडंच शोषलं जातं. आंबट फळातलं क जीवनसत्त्व हे शोषण वाढवतं. वरूड-मोर्शीची संत्री आपल्या जिल्ह्यातलीच आहेत, ती जेवणासोबत खावीत. नसतील तर लिंबू, आवळा. चहा मात्र जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर नको, तो लोह अडवतो.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची असते. ती खिडकीबाहेर टाकली जाते, कारण मळमळ होते आणि शौच काळी होते. काळी शौच निरुपद्रवी आहे. जेवणानंतर गोळी घेतली की मळमळ बरीच कमी होते. वर्षातून दोनदा मिळणारी जंतांची गोळीही चुकवू नका.

विदर्भासाठी एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. हिमोग्लोबिन वारंवार कमी येत असेल, गोळ्या घेऊनही वाढत नसेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा हातापायांची हाडं खूप दुखत असतील तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती होते. सिकलसेल असलेल्या मुलाला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्यायच्या असतात.

वजन जास्त असेल तर

बहुतेक वाढत्या मुलांचं वजन उतरवायची गरज नसते, ते थांबवायचं असतं. 14 वर्षांचा मुलगा, उंची 152 सेंटिमीटर, वजन 54 किलो. बीएमआय 23.4, म्हणजे जास्त. दोन वर्षांत तो 162 सेंटिमीटर झाला आणि वजन 54 च राहिलं, तर बीएमआय 20.6 वर येतो. एक किलोही न उतरवता तो योग्य पट्ट्यात आला. लठ्ठपणा जास्त असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल तेव्हाच वजन कमी करायचं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि सावकाश.

सुरुवात पेयांपासून करा. थंड पेयांत शंभर मिलिलिटरमागे सुमारे 10 ग्रॅम साखर असते. 250 मिलिलिटरच्या एका बाटलीतच 25 ग्रॅम, म्हणजे पोषण संस्थेने 2024 मध्ये सांगितलेली दिवसभराच्या साखरेची मर्यादा तिथेच संपते. वर तीन चहांची साखर असतेच. कचोरी, समोसा, गिलावडा कायमचे बंद करा असं मी सांगत नाही, कारण ते कोणी पाळत नाही. आठवड्यातून एकदा, ठरवून, सगळ्यांनी मिळून खा. घरात चिप्सची पाकिटं भरून ठेवायची आणि एकाच मुलाला नाही म्हणायचं, हे अन्यायाचं आहे. बदल सगळ्या घराने करायचा, आजी-आजोबांसकट.

"ढोल्या", "जाडी" असं गमतीनेही म्हणू नका. चिडवलेलं मूल कमी खात नाही, लपून खातं.

5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कबड्डी, सायकल, दोरीवरच्या उड्या, काहीही चालेल. ज्या जिल्ह्यात 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, तिथे दहावी-बारावीच्या मुलांचं खेळणं "अभ्यासाचं वर्ष" म्हणून बंद होतं, हे मला पटत नाही. झोपही 8 ते 10 तास हवी. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि सोबत काहीतरी कुरकुरीत, या जोडीने वाढलेलं वजन आहार-तक्त्याने उतरत नाही.

वजन कमी असेल तर

आधी वाढीचा तक्ता बघा. आई-वडील दोघेही शिडशिडीत, मूल चपळ आणि उंची नीट वाढते आहे, तर काही करायची गरज नसते. खरंच कमी असेल तर टॉनिकपेक्षा दिवसातून पाच वेळा खाणं उपयोगी पडतं: शेंगदाणा-गुळाचा लाडू, केळी, दूध, वरणात चमचाभर तूप. जिममधून आणलेल्या प्रोटीन पावडरची गरज नाही, पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही त्या टाळायलाच सांगतात. "मास वाढवणारी" इंजेक्शनं तर कधीच नकोत. त्यांत स्टेरॉइड असू शकतात, आणि वाढत्या वयात स्टेरॉइडमुळे उंची कायमची खुंटू शकते.

जी उपासमार दिसत नाही

काही मुली, आणि आता मुलगेही, बारीक दिसण्यासाठी जेवण सोडतात. आपल्याकडे त्याला उपवासाचं नाव देता येतं, म्हणून घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. आठवड्यात तीन-तीन उपवास, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणं, सतत आरशापुढे आणि काट्यावर उभं राहणं, पाळी थांबणं, ही लक्षणं गंभीर आहेत. रागावू नका, जबरदस्तीने भरवू नका, डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे. मूल स्वतःही फोन करू शकतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं

खूप तहान, वारंवार लघवी आणि उतरणारं वजन एकत्र दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासा. हा मुलांमधला मधुमेह असू शकतो आणि त्यात उशीर जीवघेणा ठरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप आणि वजन घटत असेल तर क्षयरोगाची तपासणी हवी. जाड मूल उंचीलाही कमी असेल तर थायरॉइड आणि इतर हार्मोन्स बघावे लागतात, कारण नुसत्या जास्त खाण्याने जाड झालेली मुलं वाढीच्या वयात सहसा बुटकी नसतात. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा पट्टा आला असेल तर तो मळ नाही, घासून जात नाही. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण आहे. घोरणं, पाळी महिनोनमहिने न येणं, हीही दाखवायची कारणं.

येताना उंची-वजनाची वही, आधीचे रक्ताचे रिपोर्ट आणि मुलाने तीन दिवसांत खरोखर काय काय खाल्लं याची यादी आणा. यादी मुलालाच लिहू द्या, आणि तपासणीच्या वेळी थोडा वेळ त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.