कळलावी: एका नावातल्या दोन कळा

श्रावण सरत आला की त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या वाटांवर, कुंपणांच्या आणि झुडपांच्या आधाराने चढलेल्या एका वेलीला ज्वाळा फुटतात. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या वर वळलेल्या. फूल उमलते तेव्हा हिरवट-पिवळे असते, मग केशरी होते आणि शेवटी गर्द लाल. म्हणूनच संस्कृतात ती अग्निशिखा. मराठीत मात्र तिचे रूढ नाव कळलावी, आणि वडीलधारी मंडळी बजावतात की हे फूल घरात आणू नये, भांडणे लागतात.

आजचा धागा या नावाविषयी आहे.

‘कळ लावणे’ म्हणजे भांडण पेटवून देणे, हा अर्थ आपल्याला चटकन सुचतो. पण मराठीत कळा बाळंतिणीलाही येतात. कळ लावणारी, म्हणजे प्रसूतीच्या वेणा सुरू करणारी, हाही अर्थ त्याच शब्दात आहे. संस्कृत निघंटूंतही ही जोडी दिसते. एकीकडे कलिकारी, म्हणजे कलह लावणारी. दुसरीकडे गर्भनुत्, म्हणजे गर्भ पुढे ढकलणारी.

तिचे आणखी एक नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. जमिनीखालचा कंद कोनात वाकलेला, थेट नांगरासारखा असतो. पानांची टोके लांबून गुंडाळतात आणि तीच ताण्यांचे काम करतात; वेल त्यांच्यावरच चढते. फूल खाली लोंबते आणि परागवाहिनी तळाशीच काटकोनात वळून बाजूला जाते. लिनिअसने १७५३ साली तिची नोंद ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ या नावाने केली. त्याआधी, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात ती ‘मेंदोनी’ या मल्याळी नावाने आली होती.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, बाळंतपणानंतर वार अडकली तर लांगलीच्या मुळाचा कल्क बाईच्या तळहातांना आणि तळपायांना लावावा, असे सांगितले आहे. इथे थोडे थांबावे. औषध पोटात दिलेले नाही, ते कातडीवर लावले आहे. रसशास्त्राने लांगलीला उपविषांत बसवले आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय ती वापरू नये, असा दंडक घातला. औषध आणि विष यांतले अंतर किती अरुंद आहे, याची जाणीव त्या वैद्यांना होती.

हे अंतर ओलांडले जात असे, तेही असहायतेतून. वेणा आणणारी मुळी नको असलेला गर्भ पाडण्यासाठीही वापरात होती. गर्भपातिनी हे तिचे नावच तसे सांगते. ते वाचताना मला १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आठवते. विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी आणि गर्भ राहिला तर बहिष्कार, अशा समाजात जंगलातल्या जहाल मुळ्यांना गिऱ्हाईक का मिळत असेल, हे वेगळे सांगायला नको.

विषाचा उलगडा रसायनशास्त्राने सावकाश केला. युरोपातल्या कोल्चिकम या वनस्पतीतले कोल्चिसिन एकोणिसाव्या शतकातच हाती आले होते. कळलावीतही तेच आहे, हे १९१५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले. आज वनस्पतिशास्त्र या दोघींना एकाच कुळात ठेवते. कोल्चिसिन पेशींचे विभाजन रोखते. म्हणून कंद पोटात गेला की आधी उलट्या-जुलाब होतात, मग अस्थिमज्जा निकामी होऊ लागते, आणि माणूस वाचला तर आठवडा-दोन आठवड्यांत केस गळतात. रताळे समजून कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. आणि हेच द्रव्य अगदी अल्प मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर, गाऊटवर, डॉक्टर आजही देतात.

भांडणाच्या धाकाने घराबाहेर ठेवलेले हे फूल भाद्रपदात काही घरांत मानाने येते, ही गंमत सांगायला हवी. कोकणात काही ठिकाणी गौरीपूजनात ते तेरड्यासोबत असते. गोव्यात गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीतही रानफळांच्या शेजारी ते लोंबताना दिसते.

मग नावातला भांडणाचा अर्थच पुढे का राहिला? मला वाटते, सुईण गेली तशी तिची मुळीही गेली. बाळंतपण दवाखान्यात गेले आणि वेणांचा अर्थ विसरला गेला. उरला तो घरात फूल न आणण्याचा दंडक. अर्थात, लहान मुले असलेल्या घरात तो दंडक पाळलेला बरा, कारण काहीही असो.

तामिळनाडूने याच फुलाला राज्यपुष्प केले आहे आणि तिथले शेतकरी औषध कंपन्यांना बी विकण्यासाठी त्याची मांडव घालून लागवड करतात. आपल्याकडे पाऊस संपला की वेल वाळते, शेंगा तडकून लाल बिया दिसू लागतात, आणि नांगराच्या आकाराचा कंद पुढच्या मृगापर्यंत जमिनीत पडून राहतो.