शिकायचं कुणी?

अपंग मुलीच्या नोकरीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. तिला काय येतं? शिवण येतं का, टायपिंग येतं का, कॉम्प्युटर येतो का? ती ज्यांच्या हाताखाली काम करणार त्या साहेबांना काय येतं, हे कुणी विचारत नाही. आज आम्ही हाच प्रश्न घेऊन जरा मागे जाणार आहोत. गेल्या ऐंशी वर्षांत ‘प्रशिक्षण’ हा शब्द तोच राहिला, पण शिकायचं कुणी, याचं उत्तर हळूहळू बदलत गेलं.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करू. युद्धात हात-पाय, डोळे गमावलेल्या माणसांना पुन्हा कामाला लावणं सरकारांना भाग होतं. इंग्लंडने १९४४ मध्ये कायदा केला. ज्या मालकाकडे २० किंवा त्याहून जास्त कामगार असतील, त्याने ३ टक्के जागा अपंगांना द्यायच्या. शिवाय दोन कामं त्यांच्यासाठीच राखून ठेवली: लिफ्ट चालवणं आणि मोटारी उभ्या करायच्या जागेवर देखरेख करणं. हेतू चांगलाच होता. पण कारखाना, कचेरी आहे तशीच राहणार आणि तिच्यात बसेल असा माणूस शोधायचा, हे त्यात गृहीतच होतं.

आपल्याकडेही तोच विचार आला. मुंबईत १९५९ मध्ये अपंगांसाठी वेगळं सेवायोजन कार्यालय निघालं. १९६८ मध्ये व्यवसाय पुनर्वसन केंद्र आलं. तिथे माणसाला काय जमतं ते तपासायचं, काम शिकवायचं आणि नोकरीसाठी पाठवायचं. अंध मुलांनी वेताच्या खुर्च्या विणायच्या, नाहीतर टेलिफोन ऑपरेटर व्हायचं. यातून कितीतरी घरं उभी राहिली, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण खुर्ची विणणारा कधी त्या खुर्चीत साहेब म्हणून बसेल, ही कल्पना त्या शिक्षणात नव्हती.

मध्येच एका आईची गोष्ट सांगायला हवी. मिथू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी. मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर नीट ताबा नाही, बोलणं अस्पष्ट, बुद्धी मात्र तल्लख. अशा मुलांना घेणारी शाळा दिसेना, म्हणून मिथूताईंनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. मालिनी चिब पुढे लंडनला जाऊन शिकल्या, मुंबईत पुस्तकांच्या दुकानात कार्यक्रमांचं काम पाहू लागल्या. त्या एका करंगळीने टाइप करतात. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘वन लिटल फिंगर’ आहे. मुलगी शिकली, नोकरीलाही लागली. आता शिकायची पाळी बाकीच्यांची होती.

१९९५ साली आपल्या देशात अपंगांसाठी मोठा कायदा झाला. सरकारी नोकरीत ३ टक्के जागा आल्या. गंमत अशी की त्याच वर्षी इंग्लंडने टक्केवारी सोडून दिली आणि मालकालाच सांगितलं, की अपंग कामगारासाठी कामाच्या जागेत आणि पद्धतीत योग्य ते बदल तू कर. आपल्या कायद्यात प्रशिक्षणाची गोष्ट होती, पण ते मुख्यतः अपंगांनी घ्यायचं होतं.

मग २०१२ चा फेब्रुवारी आला. मिथूताईंच्या संस्थेने (आता तिचं नाव अडॅप्ट) गोव्यात परिषद भरवली होती. तिच्यासाठी जीजा घोष कोलकात्याहून निघाल्या. त्यांनाही सेरेब्रल पाल्सी, आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या त्या नामांकित कार्यकर्त्या. विमानात जागेवर बसलेल्या असताना त्यांना कर्मचाऱ्यांनी खाली उतरवलं. डॉक्टरचा सल्लाही घेतला नाही. अशा प्रवाशांशी कसं वागावं याचे नियम २००८ पासून लिहिलेले होते, पण ते त्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोचलेच नव्हते म्हणायचे! जीजाताई आणि संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ ला निकाल लागला आणि विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यावी लागली.

त्याच वर्षाच्या शेवटी नवा कायदा मंजूर झाला. अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, सरकारी जागा ३ चे ४ टक्के. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे कलम ४७. जुन्या कायद्यातही याच क्रमांकाच्या कलमाचा मोठा आधार होता, कारण नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी नोकरीतून काढता येणार नाही, असं ते सांगायचं. ते संरक्षण नव्या कायद्यातही आहे, फक्त कलम २० मध्ये गेलंय. नवं कलम ४७ मात्र चक्क इतरांनी शिकण्याबद्दल आहे. पंचायत सदस्य, आमदार-खासदार, अधिकारी, पोलीस, न्यायाधीश, वकील यांच्या प्रशिक्षणात अपंगांचे हक्क हा विषय हवाच. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, इंजिनिअर, आर्किटेक्ट यांच्या अभ्यासक्रमात अपंगत्वाचा विषय हवा. आणि त्या यादीत आशा ताई आणि अंगणवाडी ताईसुद्धा आहेत!

शिकायचं म्हणजे काय, तर अगदी साध्या गोष्टी. रॅम्पचंच घ्या. एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब हवा. पायरीवर नुसती सिमेंटची घसरगुंडी ओतली की व्हीलचेअर वर चढत नाही, उतरताना मात्र सुसाट सुटते. आदेशाचा कागद स्कॅन करून मोबाइलवर टाकला, तर तो फोटो होतो, आणि अंध सहकाऱ्याचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे मुकं होतं. तोच आदेश टाइप करून पाठवला तर वाचला जातो. ऐकू न येणाऱ्या बाईशी बोलताना खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं, तर आपला चेहरा अंधारात जातो, मग तिला ओठ वाचता येत नाहीत. आणि बोलायचं ते तिच्याशी, सोबत आलेल्या भावाशी नव्हे.

काही ठिकाणी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांना तासभर पट्टी बांधतात आणि त्याला प्रशिक्षण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. तासाभरात फक्त भीती आणि कीव शिकून होते. शिकवायला अपंग व्यक्तीच हवी, आणि तिला त्याचं मानधन हवं.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं नोंदली गेली. त्यातल्या पुरुषांपैकी ४७ टक्के काम करणारे होते, बायकांपैकी २३ टक्के. घरकाम या हिशेबात धरलेलं नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

खासगी मालकांसाठीही एक नियम आहे. कामाला माणसं २० पेक्षा कमी असोत की जास्त, प्रत्येकाने अपंगांना समान संधी देण्याचं धोरण लिहून जाहीर करायचं असतं. आपल्या भागातली दुकानं, दवाखाने, पतसंस्था, कारखाने यांत ते कुठे लावलेलं दिसलं, तर आम्हाला कळवा. आणि ऐकत असलेल्या आशा ताई, अंगणवाडी ताई, पंचायतीतल्या मैत्रिणींनो, तुमच्या मागच्या प्रशिक्षणात हा विषय होता का? किती वेळ दिला, शिकवायला कोण आलं होतं? आम्हाला लिहा. पुढच्या भागात तुमच्या नावागावासह वाचून दाखवू. नाव नको असेल तर तसंही सांगा.