कूड, कौल आणि आगीचा विमा

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवरून बोलले आणि आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतल्याचे देशाला कळले. देशी-परदेशी मिळून २४५ संस्था होत्या. चिंतामणराव रोह्याचे, त्यामुळे आपल्याकडे ही आठवण जरा अभिमानाने निघते. पण तो विमा माणसाचा होता, घराचा नव्हे. घराचा 'आग विमा' कंपन्यांकडेच राहिला. १ जानेवारी १९७३ रोजी त्याचेही राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ कंपन्यांच्या चार झाल्या.

तेव्हा कुठल्याही कंपनीत गेलात तरी दर एकच असे. घर कशाचे बांधले आहे, हे त्यात महत्त्वाचे. बांबूच्या, फळ्यांच्या भिंती किंवा गवताचे छप्पर म्हणजे 'कच्चे' बांधकाम, आणि त्याला हप्ता जास्त. पेण-रोह्याकडे कूड काढून विटांची भिंत घातली, पेंढा उतरवून कौले चढवली, की तेच घर कमी दरात बसे. अट एकच: दुरुस्ती झाल्याचे कंपनीला कळवायला हवे! अर्थात, मुळात विमाच उतरवायची आपल्याकडे सवय कुठे होती?

आणि धोका केवळ आगीचा नव्हता. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने नागोठण्यात हाहाकार केला. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळाने रायगडात असंख्य घरांची कौले-पत्रे उडवली. पूर आणि वादळ याच विम्यात येतात. वाळवीने पोखरलेला वासा मात्र येत नाही. तो आपणच बदलायचा.

१ जानेवारी २००७ पासून दर मोकळे झाले. आता प्रत्येक कंपनी आपला दर सांगते, म्हणून दुरुस्तीच्या पावत्या आणि फोटो दाखवून दोन-तीन ठिकाणी विचारलेले बरे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी मिळते. तीत जमिनीची किंमत धरत नाहीत. घराचे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा खर्च, एवढीच रक्कम. म्हणजे जागेच्या भावाने विमा काढून हप्ता फुगवायचे कारण नाही. मात्र दुरुस्तीत मागची पडवी खोलीत घेतली असेल, तर वाढलेले क्षेत्र सांगा.

आणखी एक. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर असेल, तर कौले बदलण्याआधी सगळ्या वारसांनी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन आपली नावे लावून घ्यावीत. भरपाई मागताना घर कोणाचे, हा प्रश्न हमखास निघतो.